नाताळची भेट आणि गड्ड्याची पिपाणी

इतिहासाच्या व्याख्यानाला खेळण्यांचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. ते अगदीच चूक आहे असे मी म्हणणार नाही. इतिहास म्हटला की लढाया, तह, राज्यारोहणे आणि सत्यांतरे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. तरीही आज मी एका अगदी लहानशा गोष्टीचा इतिहास शोधणार आहे. मूल हातातल्या नव्या खेळण्यात रंगून गेलेले असते आणि त्याच्या मागे, दोन पावलांवर, त्याचे आईबाप उभे असतात. मूल खेळण्याकडे पाहत असते; आईबाप मुलाकडे पाहत असतात. त्या पाहण्यात काय काय साठलेले असते, हा आजचा प्रश्न आहे.

आपण म्हणाल, ही तर ममता. ती सनातन आहे, तिला कसला इतिहास? ममता सनातन असेल; परंतु ती व्यक्त करण्याची सवड मात्र सनातन नाही. ती कोणाला मिळाली, कधी मिळाली आणि कोणाला मिळालीच नाही, याला इतिहास आहे. आणि त्या इतिहासाची काही पाने आपल्या या सोलापुरातच लिहिली गेली आहेत.

प्रथम नाताळ घेऊ, कारण मुलांना भेटी देण्याचा सण म्हणून आज जगात त्याचाच गवगवा अधिक आहे. डिसेंबर उजाडला की आपल्याही बाजारात लाल टोप्या आणि चांदण्या लटकू लागतात. ख्रिस्ती नसलेल्या घरांतूनही मुलासाठी काहीतरी आणून ते रात्री त्याच्या उशाशी ठेवले जाते, आणि सकाळी त्याचा चेहरा पाहण्यासाठी आईबाप त्याच्या आधी जागे होतात. हे पाहिले म्हणजे वाटते की, नाताळ हा पहिल्यापासून बाळगोपाळांचाच सण असला पाहिजे. वस्तुस्थिती तशी नाही.

जुन्या इंग्लंडात नाताळच्या दिवसांत जे द्यायचे ते मुख्यतः नोकरचाकरांना आणि घरोघर माल पोहोचविणाऱ्यांना. आपल्याकडे जशी दिवाळीची पोस्त, तशीच ती पेटी. नाताळच्या दुसऱ्या दिवसाला इंग्रजीत 'बॉक्सिंग डे' म्हणतात, ते या पेटीवरून. आपल्या देशात इंग्रजी अंमल आल्यावर तर देण्याचा ओघ उलटाच वाहू लागला. हाताखालचे अंमलदार आणि गावचे प्रतिष्ठित लोक नाताळला साहेबाच्या बंगल्यावर फळांची आणि मिठाईची डाली घेऊन जात. भेट वर चढत होती. खाली उतरून मुलाच्या हातात पडत नव्हती.

त्याहून नवलाची गोष्ट अमेरिकेतली. मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या कडव्या प्यूरिटनांना नाताळच मान्य नव्हता. १६५९ साली त्यांनी कायदाच केला की, जो नाताळ पाळील त्याला पाच शिलिंग दंड. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला. पण त्या प्रांतात नाताळला अधिकृत सुट्टी मिळायला १८५६ साल उजाडावे लागले.

मग हा सण मुलांचा झाला केव्हा? एकोणिसाव्या शतकात, आणि तोही हळूहळू. १८२३ साली न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय गावच्या एका वृत्तपत्रात एक निनावी कविता आली आणि तिच्यामुळे रात्री धुराड्यातून उतरून मुलांचे मोजे भरणारा संत निकोलस अमेरिकेत घरोघर पोहोचला. १८४३ मध्ये डिकन्सची 'ख्रिसमस कॅरॉल' आली. तिच्यातला तुटपुंज्या पगारावरचा कारकून बाप आणि त्याचे पांगळे पोर वाचकांच्या मनात घर करून बसले. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे चित्र छापले. त्यात राणी आणि तिचे पती सजवलेल्या झाडाभोवती मुलांसह उभे आहेत. देशाची राणी मुलांच्या आनंदाकडे आई म्हणून पाहते आहे, हे दृश्य मध्यमवर्गाने उचलले. पाठोपाठ कारखान्यातली स्वस्त खेळणी आली, आणि ज्यांच्या गाठी महिनाअखेर चार नाणी उरत होती त्या घरांत हा नवा आनंद शिरला.

आता याचा आपल्या गावाशी संबंध पाहा. सोलापुरात १८६० नंतरच्या काही वर्षांत ज्या अमेरिकन मराठी मिशनने ठाणे घातले, ते याच मॅसॅच्युसेट्समधल्या धर्मपरंपरेतले. या मिशनची पहिली माणसे १८१३ मध्ये मुंबईस उतरली, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या मुलखात नाताळचा दिवस इतर दिवसांसारखाच कामाचा होता. सोलापुरास ते आले तोवर त्यांच्या घरच्या सुट्टीला एक तपही झाले नव्हते. म्हणजे सोलापूरला नाताळ आला तो कोणा प्राचीन परंपरेचे गाठोडे घेऊन नव्हे. आणणाऱ्यांनाही तो जवळजवळ नवाच होता. त्यांच्याबरोबर मुलांकडे पाहण्याची एक नवी दृष्टीही आली. याच मिशनचे 'बालबोधमेवा' हे मुलांचे मासिक १८७३ मध्ये निघाले. पुढे सोलापुरात मिशनच्या बाई मेरी हार्डिंग यांच्या नावाने बालवाडीचे शिक्षण रुजले. मूल म्हणजे केवळ लहान आकाराचा माणूस नव्हे, त्याच्यासाठी निराळे वाचन, निराळे खेळ हवेत, ही ती दृष्टी. तिचा स्वीकार इतरांनीही केला. विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' १८८१ चे आणि वा. गो. आपट्यांचा 'आनंद' १९०६ चा, हे सर्वश्रुतच आहे.

परंतु आपल्याकडे मुलाच्या आनंदाचा सोहळा नव्हता असे मात्र कोणी समजू नये. संक्रांतीच्या दिवसांतले बोरन्हाण आठवा. मुलाला काळे झबले, अंगावर हलव्याचे दागिने, पाटावर बसवून डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या ओतायच्या, आणि गल्लीतल्या पोरांनी ती लुटायची. मूल आधी दचकते, मग हसते आणि शेवटी स्वतःच त्या लुटीत सामील होते. दाराशी उभी असलेली आई हसता हसता पदर डोळ्यांना लावते. असे का? याचे उत्तर त्या काळ्या झबल्यात आहे. देवी, पटकी, प्लेग यांच्या काळात पाळण्यातले मूल पुढच्या संक्रांतीला असेलच, याची शाश्वती कोणत्याही घरी नव्हती. बोरन्हाण हा आनंद होता, तसाच एक सुटकेचा निःश्वासही होता : एक वर्ष पार पडले. मुलाच्या हसण्याकडे पाहणाऱ्या आईच्या डोळ्यांत भीती आणि आनंद यांची सरमिसळ असे ती यामुळे.

नाताळची भेट आणि बोरन्हाणाची लूट यांत एक मोठा फरक आहे. भेटीवर मुलाचे नाव असते. ती त्याची एकट्याची. लुटीवर कोणाचेच नाव नसते. ज्याच्या घरी बोरन्हाण होणे शक्य नाही, त्याचे पोरही ओंजळ भरून घरी जाते आणि ते कोणाचे उपकार म्हणून नव्हे. हा फरक ध्यानात ठेवा. शेवटी मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता गिरणीकडे वळू. १८७७ साली, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या दिवसांत, सोलापूरची जुनी गिरणी सुरू झाली. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसे भोंग्याच्या हाकेवर या गावात एकत्र आली. त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही गिरणीत शिरली. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलाला कामावर घेण्यास बंदी केली. म्हणजेच सातवे सरलेले मूल नऊ तास राबू शकत होते आणि ते कायदेशीर होते! १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ वर्षे व सात तास झाली. १९२२ मध्ये बारा वर्षे व सहा तास. चौदा वर्षांची मर्यादा आली ती स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या कायद्याने.

हे आकडे नुसते आकडे म्हणून ऐकू नका. १८९१ साली नऊ वर्षांचा जो मुलगा कापसाच्या धुळीत उभा राहिला, तो १९१५ च्या सुमारास तेहतीस वर्षांचा बाप झालेला असणार. संक्रांतीला तो आपल्या पोराला खांद्यावर बसवून सिद्धेश्वराच्या यात्रेला नेतो. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक झालेला आहे, नंदीध्वज मिरवून गेले आहेत, अक्षता पडल्या आहेत, आणि होम मैदानावर गड्डा भरला आहे. पोराला पिपाणी हवी आहे. बाप घेऊन देतो. पोर ती बेसूर वाजवत सुटते आणि बाप त्याच्याकडे पाहत राहतो. त्याच वयात त्याच्या स्वतःच्या कानांत फक्त चात्यांची घरघर होती. पिपाणी पोराची खरी, पण ऐकणाऱ्या बापाचे हरवलेले बालपणही त्या बेसूर सुरात क्षणभर परत येते. अशा बापांचे हे मनोगत कोणी लिहून ठेवलेले नाही. ज्यांना लिहिणे शिकायच्या वयात गिरणीत उभे केले, ते लिहिणार कसे? पण कायद्यांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की ते वाचता येते.

मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने त्या काळात गिरणी कामगारांच्या घरखर्चाच्या पाहण्या केल्या. त्यांत खर्चाची खाती ठरलेली असत : अन्न, इंधन व दिवाबत्ती, कापडचोपड, घरभाडे आणि शेवटी किरकोळ. पिपाणीसाठी निराळे खाते अर्थातच नव्हते. ती गेली तर किरकोळीतच जायची. पण मला विचाराल तर, वर्षभराच्या त्या सगळ्या हिशेबात माणूस ज्या खर्चाची आठवण काढतो, तो बहुधा किरकोळीतलाच असतो.

आणि ज्यांना तो किरकोळ खर्चही करता आला नाही, त्यांचे काय? या गावात एक वस्ती होती, जिला सोलापूरकर आजही सेटलमेंट म्हणतात. गुन्हेगार जमाती कायद्याखाली काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या आणि त्यांतल्या अनेक कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले. तिथल्या बापाला ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, हद्दीबाहेर जायचे तर परवाना लागे. आपल्या पोराला खेळणे आणून देण्याच्या त्याच्या इच्छेलासुद्धा सरकारी पास लागत होता. तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. ममता सनातन, पण सवड सनातन नव्हे, असे मी आरंभी म्हणालो ते याच अर्थाने.

दुसरे उदाहरण जुन्या गिरणीचेच. ऑगस्ट १९४९ मध्ये ती बंद पडली. केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला तो जानेवारी १९५० मध्ये, संक्रांत चार-पाच दिवसांवर आली असताना. पुढे तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. घटनेच्या अभ्यासकांना भागधारकांच्या हक्कांसाठी तो खटला परिचित आहे. पण चार महिने पगार नसलेल्या घरांतून त्या संक्रांतीला किती बापांनी पोराचा हात धरून होम मैदानाचा रस्ता टाळला असेल, हे त्या निकालपत्रात कोठून सापडणार? मुलाचा आनंद पाहणाऱ्या बापाचा इतिहास लिहायचा, तर रस्ता बदलणाऱ्या बापाचाही लिहिला पाहिजे. दोघांचे हृदय एकच. फक्त खिसा निराळा.

श्रोतेहो, एवढ्या फेरफटक्यानंतर आईबापांच्या त्या पाहण्यात मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, आपल्याला जे मिळाले नाही ते याला मिळाले, हे समाधान. दुसरी, वर्ष निभावले, हा सुटकेचा श्वास. आणि तिसरी, पुढच्या वर्षी जमेल ना, ही हुरहुर. मुलाला या तिन्हींपैकी एकाचीही कल्पना नसते, आणि ती नसावी यासाठीच तर आईबापांची सारी धडपड असते.

आज गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत. गड्डा मात्र दर संक्रांतीला भरतो आणि डिसेंबरात नाताळच्या चांदण्याही लागतात. मुलाच्या उशाशी भेट ठेवणारे आईबाप वाढले, याचा मला आनंदच आहे; ती भेट परकी म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. सणाला धर्म असतो, पण पाहणाऱ्या बापाच्या डोळ्यांतल्या पाण्याला तो नसतो. एवढेच सुचवावेसे वाटते की, नाव घातलेली भेट मुलाच्या हाती देताना आपण बोरन्हाणाची लूट विसरू नये. आपल्या पोराच्या ताटातले चार चुरमुरे गल्लीतल्या पोरांसाठी मुद्दाम सांडणारी ती रीत शहाण्या माणसांनी घालून दिलेली आहे. आपले मूल खेळत असताना शेजारच्या मुलाचा बाप कोठे पाहतो आहे, तिकडेही आपली नजर एकदा गेली, तर आपल्या आनंदात त्यामुळे काहीच उणे पडणार नाही.