पत्र्याचे छप्पर, उभ्या जोडाचे

धातूच्या लांब पट्ट्या आढ्यापासून पागोळीपर्यंत अखंड टाकून, शेजारच्या पट्ट्यांच्या कडा उभ्या करून एकमेकींत दुमडलेले छप्पर. जोड पत्र्याच्या पातळीपासून साधारण 25 ते 50 मिमी. वर राहतो, म्हणून वाहते पाणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पट्टीला सांगाड्याशी धरणाऱ्या क्लिपा घडीच्या आत झाकल्या जातात आणि पत्र्याला वरून एकही भोक पाडावे लागत नाही. येथे या छपराचा विचार बदनापूर (जि. जालना) परिसरातील घरांच्या संदर्भात केला आहे.

पार्श्वभूमी : दुधना खोऱ्यातील जुनी घरे माळवदाची. खांब, तुळया, त्यांवर किलचा, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात याच्याइतके थंड छप्पर दुसरे नाही. पण 30 सेंमी. थराचे वजन दर चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या घरात जाते आणि दर पावसाळ्यापूर्वी माती टाकून चोपावी लागते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदे यांनी किती बळी घेतले याचे आकडे वेगवेगळे दिले जातात. जड छपराची भीती मात्र मराठवाडाभर पसरली. स्लॅब परवडत नाही तेथे टिनपत्रे आले. नालीदार पत्र्याचे पेटंट लंडनमध्ये हेन्री पामर याने 1829 मध्ये घेतले, तर जस्ताच्या मुलाम्याचे फ्रान्समध्ये सोरेल याने 1837 मध्ये.

वारा : छपराचे सारे गणित पत्र्याने उलटे केले. माळवदाखाली घर दबण्याची चिंता असे, पत्र्याखाली छप्पर उडण्याची असते. वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकात (आयएस 875, भाग 3) या भागासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 140 किमी. धरला आहे. त्यावरून निघणारा दाब दर चौरस मीटरला 93 किलोच्या आसपास येतो. अर्धा मिमी. जाडीच्या पत्र्याचे वजन तेवढ्याच जागेत पाच किलोही भरत नाही. आढे, कोपरे आणि पागोळीची कड येथे ओढ दीडपट-दुपटीने वाढते, म्हणून पत्रा उचकटायला सुरुवात नेहमी कडेपासून होते. पत्र्यांवर दगड ठेवण्याची गावोगावची रीत या आकड्यांपुढे टिकत नाही. एक मीटर रुंद, तीन मीटर लांब पत्र्यावर पावणेतीनशे किलोंहून अधिक ओढ येऊ शकते. तिथे दहा किलोंचा दगड पत्रा धरून ठेवत नाही, तो घरातल्यांच्या अंगावर येतो. ही रीत बंद व्हायला हवी.

उभ्या जोडात ही ओढ क्लिपांवर वाटली जाते. पट्टी 40 सेंमी. रुंद आणि क्लिपा 60 सेंमी.वर असल्या तर एका क्लिपेच्या वाट्याला सुमारे 22 किलो येतात. कडेच्या पट्ट्यात अंतर 30 सेंमी. केले की दुप्पट ओढीतही भार तेवढाच राहतो. खर्च वाचवायचा तर पत्र्याच्या रंगात वाचवावा. कडेच्या क्लिपांत आणि सांगाडा भिंतीत जखडणाऱ्या बोल्टांत कधीही वाचवू नये. क्लिप पक्की आणि सांगाडा नुसता भिंतीवर टेकवलेला असेल, तर सबंध छप्परच एकसंध उचलले जाते.

ऊन : पोलाद दर अंशाला मीटरमागे 0.012 मिमी. वाढते. मे महिन्यातील दुपारचा तापलेला पत्रा आणि जानेवारीतील पहाट यांत 60 अंशांचा फरक धरला, तर 6 मीटरची पट्टी सुमारे 4.3 मिमी. सरकते, ॲल्युमिनियम याच्या जवळपास दुप्पट. जे-बोल्टने जखडलेल्या पत्र्यात ही सरक भोकावर येते : भोक लांबट होते, डांबरी वायसर वाळून तडकतो आणि चार-पाच वर्षांत नेमके तिथूनच गळते. सरकत्या क्लिपेत पट्टीला जागा मिळते. मात्र ती एका ठिकाणी, बहुधा आढ्याजवळ, पक्की करावी लागते. नाहीतर उतारावरून हळूहळू खाली उतरते.

बसवणी : सांगाडा गुण्यात (काटकोनात) आहे हे कर्ण मोजून पाहावे; पहिली पट्टी तिरकी गेली की शेवटपर्यंत सगळ्या तिरक्या जातात. पागोळीच्या कडेचा पत्रा आधी, मग पहिली पट्टी, क्लिपा, दुसरी पट्टी, आणि शेवटी दुमड. दुमड एकेरी किंवा दुहेरी असते. उतार कमी असेल तर दुहेरीच करावी. आढ्याकडे पट्टीचे टोक वर वळवायचे, म्हणजे वाऱ्याने उलटे चढलेले पाणी आत येत नाही. पत्रा कात्रीने कापावा. ग्राइंडरच्या ठिणग्या मुलामा जाळतात आणि पत्र्यावर पडलेला लोखंडी कीस पहिल्याच पावसात गंजतो. नव्या छपरावरचे तांबूस ठिपके बहुतेक यामुळेच असतात.

माल : जालना पोलादासाठी प्रसिद्ध असले तरी ते मुख्यतः सळयांचे गाव, मुलाम्याच्या पत्र्याची गुंडाळी बाहेरून येते. राज्यात वाशिंद, तारापूर, कळमेश्वर येथे असे कारखाने आहेत. जस्ताच्या मुलाम्यापेक्षा ॲल्युमिनियम 55 टक्के, जस्त सुमारे 43.5 टक्के व थोडे सिलिकॉन असा मुलामा जास्त टिकतो.

गारा : फेब्रुवारी-मार्च 2014 आणि फेब्रुवारी 2018 मध्ये जिल्ह्यात मोठी गारपीट झाली. पातळ पत्र्याला पोचे पडतात. खाली फळ्यांचा आधार असेल तर कमी.

प्रसार : भारतात हे छप्पर विमानतळ, कारखाने व गोदामांवर दिसते. घरांवर क्वचित, कारण दुमडीचे यंत्र व हात बसलेले कारागीर मोठ्या शहरांतच मिळतात. सौर पॅनेल जोडालाच पकडीने धरता येतात, भोक पाडावे लागत नाही. 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेनंतर हा गुण अधिक मोलाचा ठरतो.

देखभाल : पावसाळ्यापूर्वी पन्हळातला पालापाचोळा काढणे.