मुंबईला दिसलेला ध्रुवीय प्रकाश

ध्रुवीय प्रकाश पाहायला लोक नॉर्वेच्या किनाऱ्याने, फियॉर्डांतून बोटीने हिंडतात. पण ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तो मुंबईतूनच दिसला, रंग बदलत राहिला, असे 'टाइम्स ऑफ इंडिया'ने छापले. नुसत्या बातमीवर आपण विसंबू नये हे खरेच. परंतु त्याच सुमारास मुंबई-एडन समुद्री तारेचे काम कित्येक तास बिघडले, आणि कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय उपकरणांनी मोठे चुंबकीय वादळ टिपले. ही साक्ष नाकारणे कठीण.

मग तो प्रकाश मुंबईच्या माथ्यावर होता का? तशी गरज नाही. ऑक्सिजनचा तांबडा प्रकाश सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही निर्माण होतो. तेवढ्या उंचीवरचा प्रकाश सुमारे २,२०० किलोमीटरवरून क्षितिजाला टेकलेला दिसतो. (फळ्यावर वर्तुळ व स्पर्शिका काढा, पायथागोरस पुरतो.)

धुळे-जळगाव मुंबईच्या दोन अंश उत्तरेस. तेव्हा दोन्ही एकाच खानदेश जिल्ह्यात होती. आकाश निरभ्र असल्यास तिथून ती लाली किंचित वरच दिसली असणार. शके १७९३ मधल्या त्या रविवारच्या रात्रीची नोंद घरच्या जुन्या रोजनिशांत व वह्यांत शोधायला तिथल्या विद्यार्थ्यांना सांगावे. 'उत्तरेकडे कुठे तरी आग लागली' अशा शब्दांतही ती सापडू शकेल.