खिशातला रुमाल

१२ नोव्हेंबर १९३६ रोजी बोस्टनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांचे व्याख्यान झाले. ते संपल्यावर डॉ. सॉल हर्ट्झ यांनी विचारले, आयोडीन किरणोत्सर्गी करता येईल का? थायरॉइड आयोडीन ओढून घेते हे ठाऊक होतेच. १९३८ मध्ये सीबोर्ग आणि लिव्हिंगूड यांना आयोडीन-१३१ गवसले. १९४६ मध्ये सायडलिन यांनी शरीरभर पसरलेल्या थायरॉइड कर्करोगावर त्याचा गुण आल्याचे प्रसिद्ध केले. कर्करोग कुठे दडला आहे, हेही आयोडीनच दाखवू लागले.

पण आयोडीनची ओढ एकट्या थायरॉइडला नाही. लाळग्रंथींना, जठराला, अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनांनाही ती आहे. आयोडीन पेशीत नेणाऱ्या प्रथिनाचे जनुक १९९६ मध्ये हाती आले, तेव्हा यामागची यंत्रणा उलगडली. शिवाय ते लाळेतून, घामातून, लघवीतून बाहेर पडते. वरच्या खिशातल्या लाळेच्या रुमालाचा स्कॅनवर छातीतला डाग होतो! आम्ही कवींनी रुमालावर प्रेमाच्या खुणा शोधल्या. ही खूण कुणाला सुचली नव्हती.

हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. डाग खरा मानला, तर रुग्णाच्या वाट्याला नको असलेला डोस येतो आणि घरच्यांपासून दूर, वेगळ्या खोलीतले दिवसही. म्हणून शंका आली की त्वचा धुऊन, कपडे बदलून पुन्हा स्कॅन घेतात. तरीही डाग उरला, तर सीटी जोडून त्याची नेमकी जागा पाहतात, रक्तातले थायरोग्लोब्युलिन तपासतात. मगच डोसचे ठरते.