थिओडोलाइट मोडला तर कोण दुरुस्त करणार?

मागच्या उन्हाळ्यात बीडजवळच्या एका गावात विहिरीची पाणीपातळी मोजायचा सेन्सर बसवायला गेले होते. सोबत आलेला क्लॅम्प विहिरीच्या कठड्यावर बसेना. पुरवठादार म्हणाला, नवीन यायला तीन आठवडे. शेवटी रस्त्यावरच्या गेट-ग्रिलवाल्या वेल्डरने पट्टी वाकवून, दोन भोकं पाडून अर्ध्या तासात काम केलं. माझ्या अहवालात याची नोंद काय? ‘क्लॅम्प स्थानिक पातळीवर बनवला.’ बस्स.

हे जुनंच दुखणं आहे. विल्यम लँबटनने 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. त्याचा मोठा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, लंडनच्या केरीने बनवलेला होता. आडव्या वर्तुळाचा व्यास 36 इंच, वजन साधारण अर्धा टन. आता हिशोब करा. या वर्तुळाच्या कडेवर एक विकला म्हणजे मिलीमीटरचे सुमारे दोन हजारांश. आणि एका विकलेची चूक 48 किलोमीटरवर गेली की जवळपास 23 सेंटिमीटर होते!

1808 मध्ये तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर हे यंत्र चढवताना दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळलं आणि वर्तुळ वाकलं. लंडनला पाठवायचं तर जहाजानं जायला काही महिने, यायला तितकेच. लँबटनने एका फळीवर मूळ मापाचं वर्तुळ कोरलं आणि कारागिरांना हाताशी धरून पाचरी, स्क्रू आणि कप्प्यांनी वाकलेली कड हळूहळू त्यात ओढून बसवली. आतले आरे लहान लाकडी हातोड्यांनी सरळ केले. सहा आठवडे लागले. यंत्र पुन्हा कामाला लागलं, पण त्या कारागिरांची नावं आपल्यापर्यंत आली नाहीत.

पुढे हे काम निजामाच्या मुलखातून उत्तरेकडे सरकलं. (आपला बीड जिल्हाही तेव्हा निजामाकडेच, मात्र मुख्य रेषा आपल्या बरीच पूर्वेला होती.) 20 जानेवारी 1823 ला हिंगणघाटला लँबटन वारला. त्याची कबर तिथेच आहे. वर्ध्याकडे गेलात तर बघून या.

त्याच्यानंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टला दुरुस्ती नशिबावर सोडायची नव्हती. 1830 मध्ये इंग्लंडहून परतताना त्याने नव्या यंत्रांसोबत हेन्री बॅरो हा यंत्रकारही आणला. म्हणजे कारागीर हा मोहिमेच्या सामानाइतकाच गरजेचा, हे आता मान्य झालं होतं. पण एव्हरेस्टचं आणि बॅरोचं पटलं नाही, बॅरो गेला.

मला खरा रस पुढच्या माणसात आहे. सय्यद मीर मोहसीन हुसेन, अर्काटचा. लंडनच्या कुठल्या कारखान्यात तो शिकलेला नव्हता. सर्वेक्षणाच्या सेवेत राहूनच यंत्रांच्या कामात तयार झाला. बॅरोनंतर यंत्रांची मदार त्याच्यावर आली आणि 1843 मध्ये ‘गणिती यंत्रकार’ हे पद त्याला मिळालं. ज्या जागेसाठी आधी विलायतेहून माणूस आणावा लागला, तिथे इथलाच माणूस बसला. ते उगाच झालं नाही: त्याच्या हाती यंत्रं उघडायला दिली गेली, काम सोपवलं गेलं, हुद्दा दिला गेला. स्पर्धा परीक्षावाल्यांना राधानाथ सिकदार पाठ असतो. असावाच. मोहसीन हुसेन मात्र क्वचितच कुणाला सांगता येतो.

तुम्ही फील्डवर्कला निघणार असाल तर प्रस्तावाच्या बजेटमध्ये ‘फॅब्रिकेशन’ अशी वेगळी ओळ टाका. वर्कशॉपवाल्याकडे जाताना मोडका भाग, मापांची रेघाटी आकृती आणि शक्यतो तुमचं यंत्रच घेऊन जा. कुठलं माप अर्धा मिलीमीटरही चुकून चालणार नाही आणि कुठलं इकडेतिकडे चालेल, ते सांगा. मी पहिल्यांदा नुसता फोटो व्हॉट्सॲप केला होता. तो म्हणाला, ‘ताई, फोटोवरून माप कसं घेऊ? इकडं या, कशासाठी पाहिजे ते सांगा.’

सांगितल्यावर त्यानेच पट्टीखाली रबर घातलं. पंपाच्या थरथरीनं सेन्सरचे आकडे हलतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.