लोमीलोमी : हवाई बेटांची मर्दनविद्या आणि दीर्घकालीन आजार

पॅसिफिक महासागराच्या मध्यावर वसलेल्या हवाई बेटांच्या मूळ भाषेत ‘लोमी’ म्हणजे मळणे, चेपणे, चोळणे. हाच शब्द दुहेरी केला की ‘लोमीलोमी’ होतो आणि क्रियेतील सातत्य त्यातून सूचित होते. मराठीत आपण ‘चोळून चोळून’ म्हणतो तसेच. शब्दाचा मूळ अर्थ इतका साधा आहे की खारवलेला सॅमन मासा टोमॅटो-कांद्यासह बोटांनी कुस्करून जो पदार्थ करतात, त्यालाही तेथे ‘लोमी सॅमन’च म्हणतात. आपल्याकडील काही मोठ्या हॉटेलांच्या मर्दन-यादीत हे नाव मंद दिवे आणि सुगंधी तेलाच्या छायाचित्रासह आढळते. मूळ विद्या मात्र घराच्या ओसरीवरची.

पॉलिनेशियातील या विद्येविषयी युरोपीय माणसाने नोंदवलेला एक लक्षणीय अनुभव दर्यावर्दी जेम्स कुक याचा आहे. तिसऱ्या सफरीत, १७७७ साली, त्याचे जहाज ताहितीला थांबले असता कमरेपासून पावलापर्यंत जाणाऱ्या वेदनेने तो हैराण झाला होता. तेथील प्रमुख ओटू याची आई, बहिणी व इतर स्त्रिया अशा बारा जणी जहाजावर आल्या, त्यांनी त्याला मध्ये निजवले आणि डोक्यापासून पायापर्यंत, विशेषतः दुखऱ्या भागावर, हाडे कडकड वाजेपर्यंत दोन्ही हातांनी दाबले. पाव तासाने सुटका झाल्यावर त्याला बराच आराम वाटला. पुढे हाच उपचार आणखी काही वेळा झाल्यावर वेदना गेली. ताहितीत या क्रियेला ‘रोमी’ म्हणत. ‘लोमी’ हे त्याचेच हवाईतील भावंड. कुक हवाईला पोहोचला तो पुढच्या वर्षी, १७७८ मध्ये.

हवाईत लोमीलोमीचे दोन स्तर होते. एक घरगुती. दमूनभागून आलेल्या पाहुण्याचे अंग चेपून देणे हा आतिथ्याचा भाग होता, आणि वडीलधाऱ्यांच्या पाठीवर नातवंडांना चालायला लावणे ही नित्याची गोष्ट. कोकणात किंवा गोव्यात ज्यांनी लहानपणी आजोबांच्या मांड्या तुडवल्या असतील, त्यांना यात नवल वाटणार नाही. दुसरा स्तर जाणकारांचा. ‘काहुना’ म्हणजे एखाद्या विद्येत पारंगत व्यक्ती. अशा व्यक्तीकडे घराण्यातील एखादे मूल लहानपणीच सोपवले जाई, आणि आधी वर्षानुवर्षे केवळ पाहून शिकणे, मग हात लावणे, असा क्रम असे. सरदारवर्गाच्या सेवेत अंग चेपणारे स्वतंत्र सेवकही असत.

साधने मोजकीच. तळवा, अंगठा, कोपर, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात, प्रसंगी पाऊल. स्वतःच्या पाठीपर्यंत पोहोचण्यासाठी आकड्यासारखी वाकडी लाकडी काठी, आणि ‘ती’ नावाच्या झुडपाच्या पानांत गुंडाळलेले तापलेले दगड. तेल नारळाचे किंवा कुकुईचे. कुकुई म्हणजे आपल्याकडचा जंगली अक्रोड. पोटाच्या मर्दनाला विशेष महत्त्व होते. पोट ‘उलटले’ अशी तेथील लोकसमजूत असून त्यावर हळुवार चोळून उपाय करीत. आपल्याकडे ‘बेंबी सरकली’ म्हणून जे उपचार होतात त्यांची येथे आठवण होते. पॉलिनेशियन दर्यावर्द्यांनी होड्यांतून बेटांवर नेलेल्या वनस्पतींत हळदही होती. तिला तेथे ‘ओलेना’ म्हणतात. तिचा रस कानदुखीवर वापरीत आणि समुद्राच्या पाण्यात मिसळून शुद्धीसाठी शिंपडीत. दोन संस्कृतींचा परस्परांशी काही संबंध नसताना हळदीकडे पाहण्याची दृष्टी इतकी सारखी असावी, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

या पद्धतीत शरीर चोळणे हे एकटे कधीच येत नाही. वनौषधींचा उपचार म्हणजे ‘लाआउ लापाआउ’, प्रार्थना म्हणजे ‘पुले’ आणि कुटुंबातील गाठी सोडवणारी बैठक म्हणजे ‘होओपोनोपोनो’ ही तिची सोबतीण अंगे. यांपैकी शेवटचे नाव मराठी वाचकांना स्वयंविकासाच्या कार्यशाळांमुळे परिचित झाले आहे. मात्र माफी, आभार आणि प्रेमाची चार वाक्ये एकट्याने मनाशी घोळवण्याचा जो प्रकार तेथे शिकवला जातो, तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बदललेला अवतार आहे. मूळ पद्धतीत सारे कुटुंब एका ज्येष्ठ व्यक्तीसमोर बसते. प्रार्थना होते, नेमका प्रश्न मांडला जातो, रागलोभाच्या गुंत्यातील एकेक थर उलगडला जातो. बोलणे परस्परांशी नव्हे, तर मध्यस्थाला उद्देशून, म्हणजे आवाज चढत नाही. गरज पडली तर मध्येच सर्वांना मौन पाळण्यास सांगितले जाते. मग चूक कबूल करणे, क्षमा मागणे, क्षमा करणे, दोन्ही बाजूंनी बंधन सोडणे, आणि शेवटी एकत्र भोजन. हवाईच्या विदुषी मेरी कावेना पुकुई यांनी १९७२ साली सहलेखकांसह प्रसिद्ध केलेल्या ‘नाना इ के कुमू’ या ग्रंथात याचे तपशीलवार वर्णन आहे.

दीर्घकालीन आजाराशी या सगळ्याचा संबंध येथेच जुळतो. मधुमेह, संधिवात, वर्षानुवर्षांची पाठदुखी यांत रुग्णाला वेदनेइतकाच त्रास घरातल्या बदललेल्या नात्यांचा होतो. आपण ओझे झालो असे रुग्णाला वाटते. सेवा करणारा थकतो, पण बोलत नाही. औषधाच्या चिठ्ठीत याला जागा नसते. हवाईच्या पद्धतीत ती आहे, आणि माझ्या मते तिची खरी थोरवी मर्दनाच्या तंत्रापेक्षा यात अधिक आहे.

या समाजाला दीर्घ आजाराचा जो कटू अनुभव आला, तो कुष्ठरोगाचा. १८६५ च्या कायद्याने रुग्णांना सक्तीने वेगळे काढण्याची तरतूद झाली आणि १८६६ पासून त्यांना मोलोकाई बेटावरील कालाउपापा द्वीपकल्पावर पाठवले जाऊ लागले. विलगीकरणाचे धोरण १९६९ मध्ये संपले. तोवर सुमारे आठ हजार माणसे तेथे गेली होती. हवाईच्या भाषेत या रोगाला पडलेल्या एका नावाचा अर्थ ‘कुटुंबाची ताटातूट करणारा आजार’ असा होतो. रुग्णांसोबत स्वेच्छेने जाऊन राहणाऱ्या नातेवाइकांना ‘कोकुआ’, म्हणजे मदतनीस, म्हणत. रोगाचे नाव लक्षणांवरून न ठेवता ताटातुटीवरून ठेवणाऱ्या लोकांनी कुटुंबाला उपचाराचा भाग मानावे, हे समजण्याजोगे आहे.

विद्या टिकली, पण कष्टाने. १८२० मध्ये आलेल्या मिशनऱ्यांना काहुनांच्या प्रार्थनांत मूर्तिपूजा दिसली. बाहेरून आलेल्या साथींनी लोकसंख्या इतकी खालावली की १८९० च्या सुमारास मूळ हवाईयन, मिश्र वंशाचे धरून, चाळीस हजारांच्या आसपास उरले. राजा कालाकाउआ याने जुन्या कलांना आश्रय दिला. परंतु १८९३ मध्ये राजसत्ता उलथवली गेली आणि १८९६ मध्ये शाळांतून हवाईयन भाषेतील शिक्षण बंद झाले. त्यानंतर लोमीलोमी घरापुरती राहिली. १९७० च्या दशकात सांस्कृतिक जागृती झाली, तेव्हा कोना किनाऱ्यावरील मार्गारेट मचाडो यांनी घराण्याबाहेरच्या, बिगरहवाईयन विद्यार्थ्यांनाही रीतसर शिकवण्यास आरंभ केला. आजोबांकडून विद्या मिळालेल्या या बाई श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या आणि मर्दनाला प्रार्थनेचेच रूप मानीत. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘मंदिर पद्धती’ म्हणून जगभर विकला जाणारा लांब, लयदार हातांचा प्रकार कितपत जुना, याबद्दल हवाईतील जाणकारांतच मतभेद आहेत.

परंपरागत उपचारकांना मर्दनाच्या सरकारी परवान्याची परीक्षा लावावी काय, हा वाद बराच काळ चालला. १९९८ आणि २००१ च्या राज्य कायद्यांनी ‘कुपुना’ म्हणजे ज्येष्ठांच्या मंडळांना अशा उपचारकांना मान्यता देण्याचा अधिकार दिला. ओआहू बेटावरील वायआनाए आरोग्य केंद्रात आधुनिक दवाखान्याच्या जोडीला लोमीलोमी व वनौषधी उपलब्ध आहेत.

आता प्रश्न उपयोगाचा. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी वेदनेचा ‘द्वार सिद्धान्त’ मांडला: स्पर्शाचे संदेश नेणारे जाड मज्जातंतू उद्दीपित झाले की बारीक तंतूंवरून येणारा वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच काही अंशी अडतो. ठेच लागली की आपण ती जागा चोळतो, ते यामुळेच. पुढे या सिद्धान्तात सुधारणा झाल्या, पण गाभा टिकला. स्नायू सैलावणे, झोप सुधारणे, चिंता कमी होणे हे फायदेही अनेकांना जाणवतात. पुराव्याचे म्हणाल, तर कंबरदुखीवरील मर्दनाच्या २५ चाचण्यांचा कोक्रेन संस्थेने २०१५ मध्ये घेतलेला आढावा सांगतो की अल्पकाळ आराम मिळतो, पण पुराव्याचा दर्जा कमकुवत आहे. मर्दनाने रक्तातील साखर ताब्यात येते किंवा सांध्यांची झीज भरून निघते, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. चालू औषध मर्दनासाठी बंद करणे तर धोक्याचेच.

कोणी टाळावे, हेही स्पष्ट असावे. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असल्याची शंका, ताप, उघडी जखम, ताजे हाडमोड, त्वचेचा संसर्ग अशा वेळी मर्दन करू नये. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, कर्करुग्णांनी व गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाने पावलांची संवेदना मंदावलेल्यांना जोराचा दाब किंवा दगडाची धग कळत नाही आणि फोड उठल्यावरच लक्षात येते. त्यांच्या बाबतीत तापलेले दगड पूर्ण वर्ज्य, आणि हात हलका.