चूल आधी, देऊळ नंतर

मुंबईतल्या आमच्या मरोळचं जुनं देऊळ आता सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाच्या आत आहे. १५७९ साली जेझुइट पाद्र्यांनी उभारलेलं सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च. १८४० साली साथ आली, वस्ती उठली, आणि देऊळही सोडावं लागलं. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा तिच्या सांगण्यात भिंती नसायच्या, बायका असायच्या. डोक्यावर भांडी, काखेत पोर, पदरात गुंडाळलेली मारियेची मूर्ती. नव्या जागी त्यांनी पहिल्यांदा चूल मांडली, मूर्ती तिथेच भिंतीशी टेकवली आणि संध्याकाळची प्रार्थना केली. देऊळ पुढे झालं. आजीला हे तिच्या आजीने सांगितलेलं.

१८९६च्या प्लेगच्या गोष्टीही अशाच यायच्या. मुंबईच्या गावठाणांतले कितीतरी क्रूस त्या साथीत उभे राहिले. मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या क्रूसापुढे लादीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, म्हणायची, मग उकडलेले चणे वाटायचे. चणे भिजत घालताना आजी गेलेल्यांची नावं घ्यायची आणि आम्ही पोरं ती तिच्यामागून म्हणायचो.

तिच्या गोष्टी हात कामात असतानाच निघत. रिकामी बसली की ती गप्प. नाताळच्या आदल्या रात्री फुगे तळायचे. मैदा, अंडी, नारळाचं दूध. पीठ फुगायला पूर्वी ताडी घालत. सैलसर पीठ मुठीत घ्यायचं, मूठ आवळायची, अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून गोळा वर आला की ओल्या बोटाने अलगद तेलात सोडायचा. जमला तर तो आपणहून कूस पालटतो. पीठ झाकण्याआधी आजी त्यावर बोटाने क्रूस काढायची. तिच्या देवभक्तीचं सगळ्यात खरं रूप मी तिथे पाहिलं.

आजीला कष्ट कमी नव्हते. शेत होतं, विहिरीचं पाणी होतं, बाळंतपणं होती. म्हणून घरकाम म्हणजे सुखच सुख, असं मी म्हणणार नाही. पण मुलं झाल्यावर मी नोकरी सोडली तेव्हा 'शिक्षण वाया गेलं' म्हणून हळहळणाऱ्यांना एक सांगावंसं वाटायचं: या घरात मला रोज आनंद होतो आणि त्याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते. मुलांचे डबे भरताना मी त्यांच्यासाठी प्रार्थना करते. दुसरा इतका निवांत वेळ मला मिळतच नाही.

भातशेतं एमआयडीसीत गेली. ऑक्टोबरातल्या सुगीच्या सणाला, आगेऱ्याला, आशीर्वादाची लोंबी आता बाहेरून आणावी लागते. मसाला मात्र घरचाच. उन्हाळ्यात मिरच्या, धणे, हळकुंडं वाळवायची; तीळ, खसखस, नागकेशर वेगवेगळं भाजायचं. पूर्वी कुटणाऱ्या बायका दारोदार यायच्या, मुसळांच्या ठेक्यावर गाणी म्हणायच्या. आता डंकावर जावं लागतं. मसाला भरायच्या बाटल्या मात्र त्याच, बिअरच्या, गडद तपकिरी. उजेड लागला की मसाल्याचा रंग उडतो.

यंदा गल्लीतली एक नवी सून हा मसाला शिकायला येते. ऑफिसमुळे तिला रविवारच मोकळा, मिस्सा झाली की थेट आमच्याकडे. नवराही सोबत असतो. काठीने बाटलीत मसाला ठासायचं काम त्याच्याकडे दिलंय, आणि काल त्याने मला विचारलं, ''काकी, गल्लीतल्या क्रूसावरची ती नावं कुणाची?'' मी खसखस भाजायला घेतली आणि सांगायला लागले.