हाती उरलेला रुपया

भिलाईचे नाव घेताच पोलादाचा कारखाना आठवतो. सोव्हिएत साह्याने उभारलेल्या या कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. पुढे भिलाईचा इतिहास बहुधा उत्पादनाच्या आकड्यांतच लिहिला गेला. या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत मात्र मजुरांच्या खर्चाचाही एक इतिहास घडला, आणि तो अभ्यासकांच्या दृष्टीआड राहू नये.

1977 मध्ये तेथील कंत्राटी खाणमजुरांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. शंकर गुहा नियोगी त्याचे नेते होते. त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात 11 जण बळी पडले; तरीही लढा टिकला आणि मजुरी वाढली. परंतु वाढलेल्या मजुरीतील बराच पैसा दारूच्या गुत्त्याकडे वळू लागला. रक्त सांडून मिळविलेला रुपया कशावर खर्चावा, हा प्रश्न आता संघटनेपुढे उभा राहिला.

संघटनेने दारूविरोधी मोहीम उभारली. तीत स्त्रिया अग्रभागी होत्या, कारण गुत्त्यात गेलेल्या पैशाची झळ चुलीला लागते, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. पिणाऱ्यांना दंडही होई. व्यक्तीच्या निवडीवर समूहाने असा अंकुश ठेवावा काय, ही शंका रास्त आहे. तिचे पूर्ण निरसन होत नाही. पण वाचलेल्या पैशाला पर्यायी वाट मिळाली का, हेही पाहिले पाहिजे.

ती वाट मिळाली. 1982 मध्ये एक छोटा दवाखाना सुरू झाला आणि 3 जून 1983 रोजी 1977 च्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ शहीद रुग्णालय उघडले. मजुरांनी त्यासाठी वर्गणी दिली, श्रमदान केले. बिनायक सेन यांच्यासारखे डॉक्टर त्यांच्या साथीला आले.

मराठी वाचकाला येथे महात्मा फुले आठवतील. 1873 मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने भटजीविना, अल्प खर्चात विवाह लावले. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये फुल्यांनी धर्मविधींच्या निमित्ताने शेतकऱ्याची गाठ कशी रिकामी होते, ते दाखविले. काटकसरीचा उपदेश गरिबाला नेहमीच ऐकावा लागतो. बहुधा तो करणारा त्याच्या मिळकतीविषयी मौन पाळतो. फुले आणि नियोगी यांना तो उपदेश शोभला, कारण मिळकत लुटणाऱ्यांशीही त्यांनी झुंज दिली होती.

28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत नियोगींची हत्या झाली. रुग्णालयाचे काम त्यानंतरही चालू राहिले. आपल्याला मोलाचे काय वाटते, हे दल्ली-राजहराच्या मजुरांनी घोषणांत सांगितलेच होते. त्याची साक्ष मात्र त्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या भिंती देतात.